ती सदर, ते सदर

बुधवारी संध्याकाळी सहा वाजत आले की मला अजूनही चैन पडत नाही. सहा वर्षं हा माझा मजकूर देण्याचा वार होता. रविवारच्या पुरवणीचं पान गुरुवारी लागायचं, म्हणून बुधवारी सहाच्या आत साडेसातशे शब्द पोचायला हवेत, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सहा वाजून दहा मिनिटं झाली की पुरवणीच्या उपसंपादकाचा फोन यायचा, "ताई, पान लावायला घेतोय." त्याचा आवाज कधी चढला नाही, पण त्या एका वाक्यानं मी लग्नघरातून, दवाखान्याच्या बाकावरून, एकदा तर एसटीच्या शेवटच्या सीटवरून लेख पूर्ण करून पाठवलेला आहे.

मग एका डिसेंबरात दुपारी फोन आला, नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी. नव्या वर्षापासून पुरवणीची मांडणी बदलणार, सदरं सगळी नवी, आपला स्नेह असाच राहू द्या. मी बरं म्हटलं. शेवटच्या लेखात वाचकांचा निरोप घेऊ का, असं विचारलं, तर शेवटचा लेख आदल्या आठवड्यातच छापून झाला होता. तो घरातल्या जुन्या कुलपांवर होता. सहा वर्षं दर रविवारी ज्यांच्या घरात जात होते, त्यांना मी न सांगताच उठून आले, याचं वाईट मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

रिकाम्या झालेल्या पहिल्या बुधवारी सवयीनं लिहायला बसले. तीन वाक्यं लिहिली आणि हात थांबला. विषय होता. वेळ तर हवा तेवढा होता. पण ही वाक्यं कोण वाचणार, हे माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसताना पुढचं वाक्य येईना. आपण एवढी वर्षं लिहीत होतो ते विषयांमुळे की त्या वाचणाऱ्या माणसांमुळे, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा पडला.

त्याच आठवड्यात मी वाचनालयातून लोकहितवादींची शतपत्रं घरी आणली. कॉलेजात दोन पत्रं अभ्यासाला होती. 'लोकहितवादींच्या समाजसुधारणाविषयक विचारांचा आढावा घ्या' या प्रश्नापुरती ती वाचली होती, आणि गुण मिळवून विसरले होते. आता ती मला एका सदरलेखकाची पत्रं म्हणून वाचायची होती. कारण सरळ सांगायचं तर आपल्या भाषेतला पहिला नेमानं लिहिणारा सदरलेखक मी त्यांनाच मानते. त्यांच्या आधी वर्तमानपत्रं होती. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ला निघालं, त्यात लेख होते, पत्रं होती. पण एकच माणूस, एकच नाव, तोच सूर, आणि आठवड्यामागून आठवडे तीच वाट चालत वाचकाच्या दारात येणं, हे मराठीत गोपाळ हरी देशमुखांनी रुजवलं.

गोपाळरावांचा जन्म १८ फेब्रुवारी १८२३चा, पुण्याचा. पेशवाई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. वडील पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे फडणीस होते. म्हणजे हा मुलगा वाढला तो गेलेल्या राज्याच्या आठवणी सांगत बसणाऱ्या माणसांमध्ये. इंग्रजी शिकला, कंपनी सरकारच्या नोकरीत भाषांतरकार म्हणून लागला. आणि मार्च १८४८मध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात त्याचं पहिलं पत्र छापून आलं, 'लोकहितवादी' या सहीनं. वय पंचवीस. पंचविशीतल्या माणसानं एवढं रागावून लिहावं याचं नवल नाही. त्यानं ते दोन वर्षांहून जास्त काळ, जवळजवळ दर आठवड्याला लिहावं, याचं मला नवल वाटतं. नाव शतपत्रं, पण पत्रं आहेत एकशे आठ.

'प्रभाकर' भाऊ महाजनांचं, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंट्यांचं. १८४१पासून ते मुंबईत निघत होतं. लिहिणारा पुण्यात, छापणारा मुंबईत. बोरघाटातून रस्ता होता, पण आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावायला अजून पाच वर्षं होती. देशभर चालणारी टपालाची तिकिटंही १८५४ची. कचेरीतून घरी आल्यावर हा माणूस दिव्याशी बसून लिहीत असणार, कागदाची घडी करून डाकेत टाकत असणार, आणि आपलंच लिहिलेलं छापून परत पुण्यात यायची वाट बघत असणार. मग त्याच पुण्यात, ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्याच मध्ये वावरायचं. नाव खाली नाही, पण कोण लिहितो याचा अंदाज गावाला किती दिवस लागला नसेल? पेठांचं पुणं ते. कोणाकडे कोण जेवायला गेलं हे जिथे दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे सहीच्या पडद्याआड राहणं सोपं नव्हतं.

पहिले दोन दिवस मी पत्रं सलग वाचली आणि मला कंटाळा आला. हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, कारण त्या कंटाळ्यातूनच पुढचं कळलं. पत्रं तेच तेच सांगतात. ब्राह्मण अर्थ न कळता पाठांतर करतात. श्रीमंतांना काम नको. बायकांना शिकवत नाहीत. लहान पोरींची लग्नं लावतात आणि त्या विधवा झाल्या की त्यांचे हाल करतात, त्यांचा पुनर्विवाह व्हायला हवा. जगात काय चाललंय याची कोणाला खबर नाही. आपला कापूस बाहेर जातो, कापड बाहेरून येतं, तेव्हा आपल्या देशातलंच वापरा. दहा पत्रं झाली की पुन्हा विधवा. पुन्हा पाठांतर. पुन्हा आळस. मी पेन्सिलीनं समासात 'हे येऊन गेलं' अशा खुणा करत होते.

मग खुणा करता करता माझ्या लक्षात आलं की मी वाचते आहे ते पुस्तक, आणि त्यांनी पुस्तक लिहिलंच नव्हतं. सदर कोणी सलग वाचत नाही. एका पत्रानंतर वाचकाचे सात दिवस जातात. त्यात त्याच्या घरी पाहुणे येतात, कोणी आजारी पडतं, दुकानात भांडण होतं. मागचं पत्र विसरलेलं असतं. एखाद्यानं ते वाचलेलंच नसतं. अशा माणसाच्या दारावर पुन्हा तीच थाप मारावी लागते. पुस्तकात जी पुनरुक्ती वाटते ती साप्ताहिकात आठवण असते. मी वाचायची पद्धत बदलली. रोज रात्री एकच पत्र, आणि ते वाचून दिवा बंद. पंधरवड्यात माणूस बोलायला लागला.

त्यांची वाक्यं बोलण्यातली आहेत. एखाद्यानं ओट्यावर बसून, मांडीवर हात आपटत सांगावं तशी. प्रश्न विचारतात, स्वतःच उत्तर देतात, मधेच चिडतात, मग समजुतीनं घेतात. सुबकपणा त्यात नाही. मी माझ्या लेखांच्या शेवटच्या ओळीसाठी अर्धा अर्धा तास घालवत असे. गोपाळराव सांगून झालं की थांबतात. पुढच्या आठवड्यात यायचंच आहे, मग आज दार नीट लावून कशाला घ्या, अशी ती थांबण्याची रीत आहे.

आपण 'सदर' म्हणतो त्या शब्दाचाही मी याच दिवसांत विचार करत होते. वाड्याची ती सदर, वर्तमानपत्रातलं ते सदर. एक स्त्रीलिंगी, एक नपुंसकलिंगी, पण शब्द तोच. वाड्यात शिरलं की समोर जी बैठकीची जागा असते ती सदर. तिथे घराचा कर्ता बसायचा, गावाच्या कुरबुरी यायच्या, हिशेब व्हायचे, निवाडे व्हायचे. सदरेवर बसणाऱ्याला उठून जाता येत नसे. जो येईल त्याचं ऐकावं लागे, आणि बोलावं लागे ते चारचौघांत. गोपाळरावांचं मूळ आडनाव सिद्धये. देशमुखी वतनामुळे घराणं देशमुख झालं. म्हणजे सदरेवर बसणं त्यांच्या घरात होतंच. वतनाची ती सदर काळानं ओस पाडली, आणि घरातल्या मुलानं मुंबईच्या एका कागदावर दुसरी मांडली. हा मेळ माझ्या मनानं घातलेला आहे, शब्दकोशात तो असा सापडणार नाही. पण मला तो सोडवत नाही.

सदरेवर बसायचं म्हणजे माणसं आपली असायला हवीत, हे मात्र नक्की. गोपाळरावांचा सगळा राग आपल्याच माणसांवर आहे. ते स्वतः पुण्याचे ब्राह्मण, आणि सर्वांत कठोर पत्रं ब्राह्मणांवर. पेशवे श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटत. पुढे कंपनी सरकारनंही थोड्या प्रमाणात ती चालू ठेवली. फुकटच्या या पैशानं विद्या वाढत नाही, माणूस बसून खायला शिकतो, हे ते सांगत राहिले. त्या दक्षिणेतला काही भाग मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा अशी मागणी १८४९मध्ये पुण्यात झाली, तेव्हा ती करणाऱ्यांत गोपाळराव होते. त्यावरून शहरात मोठा गदारोळ उठला. लेखावर पत्रं येणं वेगळं आणि लेखामुळे गल्लीत वाट अडवली जाणं वेगळं. मी फक्त पहिलं अनुभवलं आहे.

१८४८ हे साल तर मला फार जवळचं वाटायला लागलंय. जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८मध्ये. गोपाळरावांच्या पुढाकारानं 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' उभी राहिली तीही त्याच वर्षी, बुधवार वाड्यात. तो वाडा १८७९मध्ये जळाला, संस्था टिकली. आज तिला पुणे नगर वाचन मंदिर म्हणतात. मी शतपत्रं आणली ती तिथूनच. ज्या माणसानं लोकांनो वाचा, पुस्तकं जमवा म्हणून पत्रं लिहिली, त्याच्याच खटपटीतून उभ्या राहिलेल्या कपाटातून त्याचं पुस्तक काढताना मला भरून आलं होतं. टेबलापलीकडच्या बाईंनी पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "हे फार कोणी नेत नाही हो."

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

माझ्या सदराच्या तिसऱ्या वर्षी मी एक लेख लिहिला. मावसबहिणीच्या लग्नात हळदीकुंकवाच्या वेळी माझी धाकटी मावशी खोलीच्या दाराशी उभी होती. मावशी एकोणतिसाव्या वर्षी विधवा झाली. वाईला एका शाळेच्या कचेरीत नोकरी करून तिनं दोन मुलगे मोठे केले. आत बायका एकमेकींना कुंकू लावत होत्या, हसत होत्या, आणि ती चौकटीला टेकून बघत होती. मला ते दृश्य लागलं. मी लिहिलं. नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, पण दार लिहिलं, चौकट लिहिली, तिची करड्या काठांची साडी लिहिली. सहा वर्षांतला सगळ्यांत वाचला गेलेला लेख तो. चाळीसएक पत्रं आली. सोलापूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्डावर बारीक अक्षरांत लिहिलं की आमच्या घरातल्या पुढच्या कार्यात आम्ही ही चूक करणार नाही. मला वाटलं, लिहिण्याचं सार्थक झालं.

मावशीचा फोन आला नाही. दर रविवारी दुपारी यायचा, तो तीन रविवार आला नाही. चौथ्या आठवड्यात मी वाईला गेले. तिनं चहा केला, खुशाली विचारली. मग म्हणाली, "छान लिहिलंयस. पण मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं गं."

मी म्हटलं, "नाव नव्हतं घातलं, मावशी."

"नावाचं काय घेऊन बसलीस. मी दाराशी उभी होते ती आहेराची पिशवी माझ्याकडे दिलेली होती म्हणून. कपाटात पिशवी, खोली उघडी, सगळ्या बायका आत-बाहेर करतायत. मी तिथून हलणार कशी? ताईनं सगळ्या लग्नात एका माणसावर विश्वास टाकला होता, तो माझ्यावर. आणि तू मला बिचारी केलंस."

मी काही बोलू शकले नाही. विधवेला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत हे खरं होतं. तिच्या आयुष्यात असे प्रसंग झाले होते, हेही खरं होतं. त्या दिवशीच्या त्या दाराबद्दल मात्र मी लिहिलेलं खोटं होतं. मी दहा फुटांवर होते, आणि तिच्याजवळ जाऊन 'इथे का उभी आहेस' एवढं विचारलं नाही, कारण माझा लेख त्या क्षणी डोक्यात तयार झाला होता आणि विचारलं असतं तर तो मोडला असता. सदर लिहिणाऱ्याच्या हातून घडणाऱ्या चुकांत ही मला सगळ्यांत वाईट वाटते. बुधवार जवळ येतो, विषय लागतो, आणि समोरचं माणूस माणूस न राहता विषय होऊन बसतं. दुरुस्ती मी छापली नाही. सदरात दुरुस्तीला जागा नसते, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. जागा माझीच होती, दर आठवड्याला साडेसातशे शब्दांची.

शतपत्रांतली विधवांवरची पत्रं आता वाचताना मी एका गोष्टीपाशी थांबते. त्यांत अमक्या वाड्यातली अमकी विधवा नाही. दुःख सगळ्यांचं मिळून आहे, आणि आरोप रूढीवर आहे. आजच्या लिहिण्याच्या मानानं ते कोरडं वाटतं. आम्हाला तर पहिल्याच दिवशी सांगतात, माणूस दाखवा, प्रसंग दाखवा, वाचक त्यातच अडकतो. ते बरोबरही आहे. पण गोपाळरावांनी कोणाच्या मावशीला बिचारी केलं नाही.

त्यांची सगळी मतं मला पटतात असं मुळीच नाही. इंग्रजांचं राज्य ही ईश्वरानं आपल्याला शहाणं करायला केलेली योजना आहे, असा त्यांचा विश्वास होता, आणि ती पत्रं वाचताना अंग चोरून घ्यावंसं वाटतं. पण त्याच लेखणीनं १८५०च्या आत हेही लिहून ठेवलं की इथल्या लोकांनी शहाणं व्हावं, पार्लमेंट मागावं, आणि इंग्रजांनी अडवलं तर अमेरिकेनं केलं तसं होईल. काँग्रेस निघायला तेव्हा पस्तीस वर्षं होती. एकाच माणसाची ही दोन पत्रं. ग्रंथकार असता तर त्यानं त्यांचा मेळ घातला असता, किंवा एक गाळलं असतं. दर आठवड्याला लिहिणाऱ्याला ती सोय नसते. त्याचं मन ज्या आठवड्यात जिथे असेल तिथेच ते छापलं जातं.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून लोकहितवादींची कडक हजेरी घेतली. १८७४मध्ये माला सुरू झाली, म्हणजे पत्रं थांबून वीसहून अधिक वर्षं होऊन गेली होती. विष्णुशास्त्र्यांचा जन्म १८५०चा, सदर थांबलं त्याच सालचा. आपण लिहिणं थांबवलं त्या वर्षी जन्मलेला मुलगा मोठा होऊन आपल्या जुन्या पत्रांशी भांडायला येतो, याहून मोठी दाद मला सुचत नाही. गद्य म्हणाल तर विष्णुशास्त्री कितीतरी सरस. त्यांची वाक्यं मोठ्यानं वाचावीत अशी आहेत. पण अडचणीच्या दिवशी कोणाकडे जावं, असं विचारलंत तर मी गोपाळरावांच्या ओट्यावर जाऊन बसेन.

पुढे मराठीत सदरांची मोठी परंपरा झाली, आणि तिनं सहीचा पडदा आनंदानं चालवला. अच्युतराव कोल्हटकरांच्या 'संदेश'मध्ये वत्सलावहिनी पत्रं लिहीत. दत्तू बांदेकर 'सख्याहरी' होते. 'ललित' मासिकातल्या ठणठणपाळाचा चेहरा वाचकांना ठाऊक होता तो वसंत सरवट्यांनी काढलेला. त्याआड जयवंत दळवी होते. गोपाळरावांनी नोकरीमुळे नाव झाकलं असावं, पुढच्यांनी मोकळं बोलता यावं म्हणून. आणि ज्यांना कोणताच पडदा घेता आला नाही ते बाबासाहेब आंबेडकर. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ला निघालं, आणि त्याचे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकट्याला लिहून काढावे लागत. मदतीला माणूस नाही, पैसा नाही, दिवसा आंदोलन आणि रात्री मजकूर. महाडचा सत्याग्रह त्याच वर्षीचा. बुधवारच्या माझ्या साडेसातशे शब्दांची मी सहा वर्षं जी धास्ती घेतली, ती चोवीस रकान्यांच्या शेजारी ठेवून बघते तेव्हा गप्प होते.

१८५०मध्ये पत्रं थांबली. गोपाळराव सत्तावीस वर्षांचे होते आणि पुढे बेचाळीस वर्षं जगले. वाईला मुन्सफ झाले. इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनात काम केलं. मग गुजरातेत, अहमदाबादला न्यायाधीश, नंतर नाशिक, १८७९मध्ये निवृत्ती. रतलामचं दिवाणपदही सांभाळलं. लिहिणं सुटलं नाही, इतिहासावर, अर्थशास्त्रावर, धर्मावर पुस्तकं होत राहिली. पण लोकांनी त्यांना पंचविशीत घेतलेल्या नावानंच हाक मारली. उतारवयात त्यांनी मासिक काढलं तेव्हा त्याचंही नाव 'लोकहितवादी'.

मला त्या सगळ्या नोकऱ्यांतलं इनाम कमिशन राहून राहून आठवतं. पंचविशीत ज्यांना बसून खाणारे म्हणून झोडपलं, तेच आता कागदपत्रांची बोचकी घेऊन समोर उभे. कोणाची सनद, कोणाच्या आजोबांना मिळालेली जमीन, कोणाच्या घरात दुसरं उत्पन्नच नाही. 'इनामदार' हा शब्द पत्रात लिहिणं सोपं असतं. समोर उभ्या माणसाचं नाव विचारावं लागतं, गाव विचारावं लागतं, कागद वाचावा लागतो आणि मग सही करावी लागते. त्या खुर्चीवर त्यांच्या मनात काय चालत होतं याचा विचार करताना मला दर वेळी मावशीची खोली आणि तिचं दार दिसतं.

गेल्या महिन्यात मी वाईला गेले ती एक लेख घेऊन. कोणत्याही पुरवणीसाठी तो नव्हता. जुना लेख मी पुन्हा लिहिला होता, या वेळी तिला फोनवर सगळं विचारून. पिशवी कोणत्या रंगाची होती, किल्ली कुठे ठेवली होती, ताई काय म्हणाली होती, किती वेळ उभी होतीस, पाय दुखले का. ती आधी नको नको म्हणाली, मग तासभर बोलली. शब्दमर्यादा नव्हती म्हणून लेख लांबला होता. नेमका बुधवार होता. संध्याकाळी घाटावर पाय मोकळे करून आलो, तिनं दिवा लावला आणि चष्मा घालून समोर बसली, जणू वाचायचं तिलाच होतं. मी वाचत गेले. ती मधे एकदाच हसली, किल्ली ब्लाउजला पिनेनं अडकवली होती त्या जागी. शेवटापर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मागचं जरा काढ बघू. पाकिटं किती म्हणालीस?"

"एकसष्ट. तूच सांगितलंस ना."

"हो, पण मग साताऱ्याची मंडळी उशिरा आली, त्यांची दोन होती. त्रेसष्ट."

मी पेन काढलं, एकसष्ट खोडलं आणि वर त्रेसष्ट लिहिलं.